मुळांपाशी कोण राहते : शेतीतल्या उपकारक जिवाणूंच्या अभ्यासाची प्रस्तावना

अलिबाग तालुक्यात हवेतल्या नत्राचा अमोनिया दोन ठिकाणी होतो. पहिले ठिकाण सगळ्यांना माहीत आहे. थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना ऐंशीच्या दशकापासून उभा आहे. नैसर्गिक वायू आणि हवा घेऊन तिथे अमोनिया बनतो, त्याचा युरिया होतो आणि गोणीतून तो शेतकऱ्याच्या बांधावर येतो. ही प्रक्रिया फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत करून दाखवली आणि कार्ल बॉश यांनी १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ येथे ती कारखान्यात आणली. तिला चारशे ते पाचशे अंश सेल्सिअस तापमान लागते आणि वातावरणाच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. दुसरे ठिकाण अलिबागच्या दुसऱ्या अंगाला, नागावच्या बाजूच्या भातखाचरांत आहे. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर पेरलेला वाल महिना-सव्वा महिन्याचा झाला की त्याच्या मुळांवर बारीक गाठी धरतात. त्या गाठींत हेच काम चालू असते, आणि तेही ना भट्टी ना दाब, मातीच्या रोजच्या उबेत.

नत्राच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना धरून असतात. तो बंध तोडायला जिवाणूंकडे नायट्रोजिनेज नावाचे विकर आहे. मात्र हे विकर फुकट राबत नाही. नत्राचा एक रेणू फोडायला एटीपी या ऊर्जावाहकाचे किमान सोळा रेणू खर्ची पडतात आणि ही ऊर्जा येते वालाच्या पानांनी बनवलेल्या साखरेतून. वाल किंमत मोजतो, म्हणून त्याला नत्र मिळतो. हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे, कारण निसर्ग सगळे फुकट देतो अशा समजुतीने या विषयाकडे येणारे पुष्कळ असतात आणि दोन हंगामांत तेच सर्वांत आधी निराश होऊन परत जातात.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकासाठी हे लिहीत आहे. तो कृषी महाविद्यालयात शिकणारा असेल, गावोगाव फिरणारा कृषी सहायक असेल, किंवा नागाव, चौल, रेवदंडा पट्ट्यात आजोबांची वाडी सांभाळणारा बागायतदार असेल. तिघांचेही या घरात स्वागत आहे आणि तिघांनाही मी एकच गोष्ट सांगणार आहे. 'कोणता जिवाणू चांगला?' हा या शास्त्रातला दुसरा प्रश्न आहे. 'तो इथे जगेल कशावर?' हा पहिला. जिवाणू खताच्या पाकिटावर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर छापलेले असते. पहिल्याचे उत्तर ज्याच्या त्याच्या जमिनीत शोधावे लागते.

शास्त्राचा इतिहासही याच क्रमाने अडखळत गेला आहे. कडधान्यानंतरचे पीक जोमदार येते हे शेतकऱ्यांना फार जुने ठाऊक होते. रोमन लेखकांनीही ते लिहून ठेवले आहे. कारण कळायला मात्र १८८६ साल उजाडावे लागले. हेलरीगेल आणि विल्फार्ट या जर्मन संशोधकांनी त्या वर्षी मांडले की कडधान्ये मुळांवरच्या गाठींच्या जोरावर हवेतला नत्र घेतात. दोन वर्षांनी हॉलंडच्या बायरिंक यांनी त्या गाठींतला जिवाणू वेगळा काढला. आणि १८९६ मध्ये नोबे व हिल्टनर यांच्या 'नायट्राजिन' या संवर्धकाचे पेटंट झालेसुद्धा! शोध लागून दहा वर्षे होतात न होतात तोच माल बाजारात. ही घाई या क्षेत्राच्या रक्तातच आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे. त्यातल्या हिल्टनर यांनीच पुढे १९०४ मध्ये मुळांभोवतीच्या मातीला 'ऱ्हायझोस्फिअर' असे नाव दिले. आपण मूलपरिसर म्हणू. मुळे साखर, आम्ले आणि अमिनो आम्ले बाहेर सोडतात. त्यांवर जिवाणू जमतात आणि मुळापासून काही मिलिमीटरांवर जी वस्ती असते ती हाताच्या अंतरावरच्या मातीत नसते. माल विकून झाल्यावर हिल्टनर यांचे लक्ष जिवाणूंच्या घराकडे गेले, असे थोडे खट्याळपणे म्हणता येईल.

आपल्याकडे या विषयाची वाट कडधान्यावरून गेली तशीच भाताच्या राबावरूनही गेली आहे. रायगड जिल्ह्याला १९८१ पर्यंत कुलाबा म्हणत. इथल्या आणि ठाण्याच्या शेतकऱ्याचा उन्हाळा कवळ, म्हणजे झाडांच्या पालेदार फांद्या, तोडण्यात आणि राब भाजण्यात जाई. रोपवाटिकेच्या जागेवर शेण, कवळ, पालापाचोळा, गवत असे थर रचायचे, वर माती पसरायची, वाऱ्याचा अंदाज घेऊन एका बाजूने पेटवायचे आणि ते सावकाश धुमसू द्यायचे. पहिल्या पावसाबरोबर त्या भाजलेल्या जागेत बी पडायचे. रोप असे काही तरारून येई की न भाजलेल्या जागेतले रोप त्याच्याशेजारी केविलवाणे दिसावे. कवळ तोडण्यावरून जंगल खाते आणि शेतकरी यांच्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठा झगडा झाला. सरकारला राब ही निव्वळ उधळपट्टी वाटे.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांना घेऊन हा राब प्रयोगाला लावला आणि १९१२ मध्ये त्यावर निबंध छापला. प्रश्न सरळ होता: राबाच्या गुणात राखेचा वाटा किती आणि मातीला लागलेल्या आचेचा किती? त्याच सुमारास, १९०९ मध्ये, इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या जुन्या संशोधन केंद्रात रसेल आणि हचिन्सन यांना आढळले होते की माती तापवली की तिच्यातल्या सजीवांपैकी बरेच मरतात. मग उरलेले जिवाणू भराभर वाढतात आणि अमोनियाही वाढतो. त्यांनी याचे श्रेय जिवाणू खाणारे आदिजीव नष्ट होण्याला दिले. ते स्पष्टीकरण पुढे मागे पडले. रोथॅमस्टेडच्याच जेंकिन्सन यांनी साठ आणि सत्तरच्या दशकांत दाखवले की मेलेल्या सूक्ष्मजीवांच्या देहातले कर्ब आणि नत्र जगलेल्यांच्या वाट्याला येतात, म्हणून ही उसळी दिसते. मातीला क्लोरोफॉर्मची धुरी देऊन तिच्यात एकूण किती सूक्ष्मजीव आहेत हे मोजण्याची पद्धत यातूनच निघाली आणि ती आजही प्रयोगशाळांत वापरात आहे.

राबावर एवढा वेळ थांबलो, कारण त्यात या शास्त्राचा मोठा धडा आहे. राब भाजणारा शेतकरी बाहेरून एकही जिवाणू आणत नव्हता. मातीत आधीपासून असलेल्यांच्या जगण्या-मरण्याची परिस्थिती तो बदलत होता. राब पुन्हा सुरू करा असे मी म्हणत नाही. त्याला लागणारी झाडे आता नाहीत, आणि त्यात जळून जाणारा सेंद्रिय माल जमिनीत कुजला असता तर बरे, असेच आजचे ज्ञान सांगते. पण कोकणातला हा जुना व्यवहार जागतिक मृदाशास्त्राच्या एका मुख्य प्रश्नाशी येऊन भिडतो, हे इथल्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमात कळत नाही. कळायला हवे.

खाचरात पाणी साठले की दुसराच संसार सुरू होतो. पाण्यावर जो हिरवट-निळसर थर धरतो त्याला आपण शेवाळ म्हणून सोडून देतो. शास्त्रीयदृष्ट्या ते जिवाणूच आहेत, सायनोबॅक्टेरिया, आणि त्यांच्यातले कित्येक उन्हाच्या ऊर्जेवर स्वतःच नत्र धरतात. भातखाचराची सुपीकता वर्षानुवर्षे खत न घालता कशी टिकते, या कोड्याचे उत्तर पी. के. डे यांनी १९३९ मध्ये या जिवाणूंकडे बोट दाखवून दिले. ॲझोला नावाच्या पाणनेच्याच्या पानात राहणारा जिवाणूही याच कुळातला. आज कोकणात कुणी गायीला ॲझोला चारतो तेव्हा तो पशुखाद्य म्हणून चारतो. भातात तो नत्रासाठी सोडणारे मात्र विरळा.

आता वालाकडे. रायगडच्या कडव्या वालाची ख्याती आमटीमुळे आहे, पोपटीमुळे आहे. भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात लावलेल्या शेंगांवर पानेच्या पाने लिहून झाली आहेत. त्याच वालाच्या मुळांकडे मात्र फारसे कुणी वळत नाही. फुलोऱ्याच्या सुमारास वालाचे एक झाड उपटू नका, खुरप्याने मातीसकट उचला. उपटले की गाठी तुटून जमिनीतच राहतात आणि 'आमच्याकडे गाठी येत नाहीत' असा निष्कर्ष निघतो. मुळे पाण्यात हलकेच धुवा. एक टपोरी गाठ नखाने चिरा. आत गुलाबी-लालसर दिसली तर ती कामावर आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातला. नायट्रोजिनेजला प्राणवायूचे वावडे असते, पण जिवाणूला श्वासासाठी प्राणवायू हवा असतो, आणि हा रंगीत पदार्थ तो बेताबेताने पुरवतो. गाठ आतून पांढरी निघाली तर ती अजून लागू झालेली नाही किंवा आत शिरलेला जिवाणू आळशी आहे. हिरवट किंवा तपकिरी निघाली तर तिचे दिवस भरले. सूक्ष्मदर्शक नको, रसायन नको. या विषयातली सर्वांत भरवशाची परीक्षा दोन नखांत होते.

वालाला गाठी धरवणारे जिवाणू ब्रॅडिरायझोबियम गटातले, चवळीवर्गाचे म्हणून ओळखले जाणारे. चवळी, मूग, उडीद, भुईमूग यांच्याशी त्यांचे जमते, आणि आपल्या मातीत ते पिढ्यानपिढ्या आहेत. म्हणूनच वालाला पाकिटातले रायझोबियम लावून डोळ्यांत भरेल असा फरक बरेचदा दिसत नाही. आत शिरण्याच्या जागा मोजक्या, स्थानिक जिवाणू हजारोंच्या संख्येने दबा धरून बसलेले; नव्याला शिरकावच मिळत नाही. याउलट सोयाबीनचे पाहा. ते आपल्याकडचे पीक नव्हे. विदर्भ-मराठवाड्यात ते पसरले तेव्हा त्याचा खास जोडीदार, ब्रॅडिरायझोबियम जपोनिकम, तिथल्या मातीत मुळातच नव्हता किंवा नावापुरता होता. तिथे पाकीट लावणे आणि न लावणे यात खरोखरच फरक पडला. जिवाणू खत एकाच राज्यात 'चमत्कार' आणि 'फसवणूक' असे दोन्ही का ठरते, याचे निम्मे उत्तर या दोन पिकांत आहे. भारतात रायझोबियमचा पहिला पद्धतशीर अभ्यास एन. व्ही. जोशी यांनी १९२० मध्ये केला असे मानतात. शंभर वर्षे होऊन गेली, तरी आपल्या सल्लापत्रिका सर्व कडधान्यांना एकच ओळ छापतात.

गाठीत न राहणाऱ्या, मुळांच्या अवतीभवती वावरणाऱ्या जिवाणूंची कथा जास्त गुंतागुंतीची आहे. बायरिंक यांनी १९०१ मध्ये ॲझोटोबॅक्टर शोधला. सत्तरच्या दशकात ब्राझीलच्या योहाना डोबराइनर यांनी गवतवर्गीय पिकांच्या मुळांतला ॲझोस्पिरिलम जगापुढे आणला, तेव्हा गहू, मका, भात आता आपला नत्र आपण कमावणार अशी हवा निर्माण झाली. पुढच्या मोजमापांत दिसले की पीक सुधारते खरे, पण नत्र धरण्यामुळे त्यातले थोडेच. जास्त श्रेय जाते हा जिवाणू बनवत असलेल्या ऑक्झिनसारख्या संप्रेरकांना. त्यांच्यामुळे मुळांना फुटवे जास्त येतात, केसाळ मुळे वाढतात आणि झाड आहे तेच पाणी नि अन्न जास्त उचलते. परिणाम खरा, कारण दुसरेच. ज्यांना शास्त्र म्हणजे न चुकणारी वाणी वाटते त्यांनी हे प्रकरण मुद्दाम वाचावे. उसाच्या आत राहणारा एक नत्र धरणारा जिवाणूही डोबराइनर यांच्याच प्रयोगशाळेतून १९८८ मध्ये पुढे आला. 'ॲसिटोबॅक्टर' या नावाने आपल्या ऊसपट्ट्यात तो चांगलाच परिचित आहे.

क्लोपर आणि श्रॉथ यांनी १९७८ मध्ये मुळांपाशी राहून वाढीला मदत करणाऱ्या अशा सगळ्या जिवाणूंना एक गटनाव दिले. इंग्रजी आद्याक्षरांवरून आपण त्यांना पीजीपीआर म्हणतो. स्युडोमोनास फ्लुरोसन्स यांपैकीच. तो मातीतले लोह स्वतःच्या पकडपदार्थाने ओढून घेतो आणि रोगकारक बुरशीला उपाशी ठेवतो. बॅसिलस सबटिलिस प्रतिजैविके सोडतो, शिवाय टणक बीजाणू करून उन्हाळा काढतो. दुकानातल्या फळीवर टिकण्यात त्याच्याइतका चिवट कुणी नाही. स्फुरद विरघळवणारे, म्हणजे पीएसबी, सेंद्रिय आम्ले सोडून अडकलेला स्फुरद मोकळा करतात. कोकणातल्या जांभ्या जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद घट्ट धरून बसतात, म्हणून इथे पीएसबीचे नाव सर्वांत जास्त घेतले जाते. पण त्याबरोबर एक जुनी गोष्टही सांगितली पाहिजे. सोव्हिएत रशियाने 'फॉस्फोबॅक्टेरिन' नावाचे असेच संवर्धक पन्नासच्या दशकात अफाट क्षेत्रावर वापरले आणि भरघोस वाढीचे आकडे जाहीर केले. अमेरिकेच्या कृषिखात्याने साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते तपासले, तेव्हा तसा भरवशाचा परिणाम हाती लागला नाही. काचपात्रात कॅल्शियम फॉस्फेट विरघळवणे वेगळे आणि जांभ्या मातीत लोहाशी झटणे वेगळे.

नागावची वाडी या सगळ्यात कुठे बसते? समुद्र आणि रस्ता यांच्या मधल्या पट्ट्यात माड, पोफळ, मध्ये केळी, कुठे जायफळ, पोफळीवर चढलेली मिरवेल. जमीन रेताड. पाणी ओतले की खाली जाते आणि त्याच्याबरोबर युरियाही खाली, विहिरीत. अशा वाळूत चिकणमाती जवळपास नाही, म्हणजे जिवाणूंना चिकटायला पृष्ठभाग कमी आणि कर्ब टिकायलाही आधार कमी. उघड्या पुळणीत पाकिटातले जिवाणू टाकले तर त्यांचे काही आठवड्यांत काय होत असेल, हे सांगायला तज्ज्ञ नको. आणि तरीही जुनी वाडी आत शिरल्यावर काळीभोर, दमट आणि भुसभुशीत लागते. ती किमया सावलीची, बारमाही शिंपण्याची आणि झाडाच्या आळ्यातच कुजणाऱ्या झावळ्यांची, सोडणांची, केळीच्या खुंटांची. पिढ्यांनी साठवलेला हा कर्ब हीच वाडीतल्या जिवाणूंची शिदोरी. पर्यटकांना अंगण स्वच्छ दिसावे म्हणून ज्या वाड्यांत पाला गोळा करून जाळतात, तिथे कोणतेही जिवाणू खत घालण्याआधी ती काडेपेटी खिशात ठेवावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने हा पट्टा झोडपला. माड-पोफळी उन्मळून पडल्या, पिढीजात वाड्या एका दुपारीत उघड्या झाल्या. सावली गेली, माती तापली, आणि पुनर्लागवड करायची म्हणजे पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षांची वाट. शास्त्राच्या नजरेने पाहिले तर जिवाणूंची खरी संधी अशा पुनर्लागवडीत असते. वाडीभर पसरलेल्या मातीत मूठभर संवर्धक हरवून जाते. पिशवीतल्या रोपाच्या दोन-चार किलो मातीत ते टिकते, आणि मुळे बाहेर पडण्याआधीच त्यांच्या अंगाखांद्यावर स्थिरावते. कासरगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेने नारळाच्या रोपांसाठी बॅसिलस मेगाटेरियमचे 'केरा प्रोबायो' काढले ते याच विचाराने. अलिबागच्या पांढऱ्या कांद्यालाही हेच लागू आहे: लावणीपूर्वी रोपांची मुळे संवर्धकाच्या पाण्यात बुडवायला खर्च नगण्य येतो आणि जिवाणू नेमक्या जागी पोचतो.

पाण्याचा प्रश्न इथे टाळता येत नाही. रहाटाने जेवढे पाणी निघे तेवढेच पाझरून भरत असे. पंप आणि कॉटेजेस आल्यावर उपसा वाढला, आणि किनाऱ्यालगतच्या वाळूत गोड्या पाण्याचा थर उपसला की खालचे खारे पाणी वर सरकते. विहिरी मचूळ झाल्या की माडाआधी पोफळ तक्रार करते, आणि ताण जिवाणूंनाही पोचतो.

खाऱ्याचा अभ्यास करायचा तर खारेपाटात जावे लागते. समुद्राच्या उधाणाने बांधाला खांडी पडल्या की पाणी शेतात शिरते आणि पुढची काही वर्षे भात रुसतो. कोकण कृषी विद्यापीठाचे पनवेलचे खारभूमी संशोधन केंद्र अशा जमिनींसाठी भाताचे वाण देत आले आहे. जिवाणूंच्या बाजूने इथे एक सुंदर यंत्रणा आहे. क्षाराचा ताण आला की झाड इथिलीन जास्त बनवते आणि मुळांची वाढ आखडते. काही जिवाणू इथिलीनचा कच्चा माल, एसीसी नावाचे अमिनो आम्ल, खाऊन टाकतात. त्यासाठी त्यांच्याकडे एसीसी डीअमिनेज हे विकर असते. कॅनडाच्या बर्नार्ड ग्लिक यांनी नव्वदच्या दशकात ही यंत्रणा उलगडली. जिवाणूला नत्र मिळतो, झाडाची घबराट ओसरते. केंद्रीय मृदा क्षारता संशोधन संस्थेचे 'सीएसआर-बायो' हे क्षारसहिष्णू सूक्ष्मजीवांचे मिश्रण गंगेच्या मैदानातल्या जमिनींसाठी निघाले. पण तिथली माती सोड्याची, आपली समुद्राच्या मिठाची. तिथले जिवाणू इथे आणून भागेल असे मला वाटत नाही. खारेपाटातच, मिठात वाढणाऱ्या खाजणाच्या गवताच्या मुळांत जे राहतात, त्यांच्याकडे आधी पाहावे. पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात जगातल्या मोठ्या संग्रहांपैकी एक संग्रह आहे. एखादा तरुण संशोधक खारेपाटातल्या शहापूर-धेरंडच्या गवताच्या मुळांतून काढलेला नवा वाण घेऊन तिथे गेला, तर त्याचे काम या प्रस्तावनेपेक्षा कितीतरी मोठे ठरेल.

आता पाकीट. जिवाणू खते २००६ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आली. त्यातल्या निकषाप्रमाणे भुकटीतल्या रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर वगैरेंच्या एका ग्रॅममध्ये किमान पाच कोटी जिवंत पेशी हव्यात, द्रवरूपात एका मिलिलिटरला दहा कोटी. आकडा कारखान्याच्या दारातून निघताना पुरा असेलही. पण मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात, कीटकनाशकांच्या बाटल्यांशेजारी पडून राहिलेल्या पाकिटात पेरणीच्या दिवशी किती उरतात? लेबलावरची तारीख पाहावी, पाकीट सावलीतून आले आहे की उन्हातून हे विचारावे. वापराची रीत साधीच. दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅम भुकटी, चिकटण्यापुरते थंड गुळाचे पाणी, बियाण्याची साल जाणार नाही अशा हलक्या हाताने चोळणे, पडवीत गोणीवर सावलीत सुकवणे आणि त्याच दिवशी पेरणे. बुरशीनाशक लावायचे असेल तर आधी, जिवाणू शेवटी. इतक्या साध्या गोष्टीही चुकतात, आणि मग दोष जिवाणूला लागतो. २०२१ मध्ये जैवउत्तेजकेही याच कायद्यात आली, ते बरे झाले. बाटलीवर समुद्र, गांडूळ आणि हिमालय यांची चित्रे छापून काहीही विकण्याला थोडा तरी आळा बसेल. जाता जाता एक योगायोग: थळच्या युरियाच्या कंपनीनेच 'बायोला' हे जिवाणू खतही बाजारात आणले आहे.

पाकिटाबाहेरही मोठे जग आहे. नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांचे जीवामृत घरोघरी पोचले: दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सूक्ष्मजीवशास्त्राच्या भाषेत ते घरगुती संवर्धनच आहे. साखर दिली, प्रथिने दिली, बीज म्हणून स्थानिक माती दिली. प्रयोगशाळेतले लोक त्याला नाक मुरडतात, कारण प्रत्येक पिंपात वेगळे मिश्रण तयार होते. जीवामृतवाले पाकिटाला नाक मुरडतात, कारण ते विकत आणावे लागते. माझे मत असे की दोघांनाही एकाच तराजूत घालावे: शेजारी-शेजारी वाफे, तीन हंगाम, वजनकाटा. जीवामृताच्या जोरावर एका गायीवर तीस एकर शेती पोसता येते, असला दावा जिवाणूंवर लादू नये. ते बिचारे तसे काही म्हणत नाहीत.

रायगडातला सर्वांत विचार करायला लावणारा प्रयोग मला नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा भात तंत्रात दिसतो. चिखलणी नाही, लावणी नाही. गादीवाफे एकदाच करायचे, भोके पाडून टोकण करायची, आणि कापणीनंतर भाताची मुळे जमिनीतच कुजू द्यायची. त्याच वाफ्यांवर मग वाल किंवा दुसरे कडधान्य. कुजणारे प्रत्येक मूळ जिवाणूंना कर्ब देते आणि मागे हवेची पोकळी ठेवते. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर नांगरणी सोडून हेच तत्त्व उसात सांगत आले आहेत. सगुणा तंत्रात तणनाशकाचा आधार घेतला जातो, आणि सेंद्रिय शेतीवाल्यांना तो खुपतो. तो आक्षेप रास्त आहे; तणनाशकाचा मूलपरिसरातल्या वस्तीवर काय परिणाम होतो हे इथल्या मातीत मोजायला हवे. पण बाहेरून जिवाणू न आणता आहेत त्यांना जेवू घालायचे, हा मुख्य विचार मला पटतो.

एक ग्रॅम सुपीक मातीत अब्जाच्या घरात जिवाणू असतात आणि त्यांतले शंभरातले जेमतेम एक आपण प्रयोगशाळेतल्या ताटलीत वाढवू शकतो. उरलेल्यांची ओळख आता डीएनए वाचून होऊ लागली आहे. त्यामुळे या क्षेत्रात येणाऱ्याला कामाची कमतरता पडणार नाही. पुढची प्रकरणे वाचताना तीन प्रकारच्या वाक्यांवर पेन्सिलीने खूण करा. ज्यात पिकाचे नाव आहे पण मातीचे नाही. ज्यात वाढीची टक्केवारी आहे, पण कशाशी तुलना केली ते सांगितलेले नाही. आणि ज्यात कुंडीतला निष्कर्ष एकराला लावलेला आहे. मीही पुढे कुठे तसे लिहिले असेल, तर तिथेही खूण करा.

आणि एक विनंती, विशेषतः बागायतदार आणि शेतकरी वाचकांना. या हंगामात पाकीट, जीवामृत, काहीही वापरणार असाल तर दोन-चार वाफे किंवा पोफळीची एक ओळ तशीच सोडा. खते, पाणी, सगळे सारखे. फक्त जिवाणू नाहीत. दोन्हींकडचे पीक वेगळे काढा, वेगळे तोला, तारखेसह वहीत लिहा. फरक दिसला नाही तरी लिहा. श्रीवर्धनचे सुपारी संशोधन केंद्र असो वा पनवेलचे खारभूमी केंद्र, तिथल्या शास्त्रज्ञांना ती वही नेऊन दाखवा. किनाऱ्यावरच्या वाड्यांची अशी नोंद आज अगदीच थोडी आहे.